भंडाऱ्याची मूठ
हळदीचा डबा उघडला की मला अणदूरचं देऊळ आठवतं. खंडोबाची मूर्ती नळदुर्गच्या मुक्कामाहून परत यायचा दिवस होता आणि चार वर्षांची लेक माझ्या कडेवर होती. ती बोलत नव्हती, धड उभी राहत नव्हती. सोलापूरच्या डॉक्टरांनाही तिच्या आजाराचं नाव सांगता येत नव्हतं. हलग्या कडाडत होत्या, सगळीकडं पिवळा धुरळा उडत होता आणि मी तिला पदराखाली दडवून कोपऱ्यात उभी होते. तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं उधळलेला भंडारा नेमका आमच्यावर पडला. मी खेकसलेच, "आजोबा, दिसत न्हाय का तुमाला? लेकरू आजारी हाय!" तो म्हणाला, "आजारी हाय म्हणून भंडारा बी नको व्हय तिला?" आणि त्यानं तिच्या तळहातावर चिमूटभर भंडारा ठेवला. 'येळकोट येळकोट'चा गजर उठला, तशी तिची मूठ हळूहळू वर गेली आणि उघडली. सगळा भंडारा माझ्या डोळ्यांत! मी डोळे चोळत होते आणि ती खिदळत होती. आता तिला कडेवर घेणं मला झेपत नाही, आणि आजाराला अजून नाव नाही. पण डबा उघडला की ती तळहात पुढं करते. मी चिमूटभर हळद देते आणि डोळे मिटून उभी राहते.