गोडाऊनमधली देवी

नंदुरबारात मिरचीचं एक जुनं गोडाऊन रिकामं पडलं होतं. तिथं अभिनंदनशेठनं एस्केप रूम काढली. पैसे देऊन आपण होऊन कोंडून घ्यायचं, कोडी सोडवायची आणि तासाभरात बाहेर पडायचं. बाजारपेठेनं आधी नाकं मुरडली, मग पोराबाळांसकट तिथंच रांग लावली.

आत पडक्या देवळाचा देखावा होता आणि एक देवी. अडलेल्या माणसानं तिच्या पायांना हात लावला की सेन्सर जागा व्हायचा, डोळे तांबडे व्हायचे आणि देवी बोलायची. म्हणजे बोलायची स्वप्नाली. शेजारच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून ती माइकवर सांगायची आणि मशीन तिचा आवाज घोगरा, घुमणारा करून आत सोडायचं. दात काढत आलेली पोरंसुद्धा तो ऐकून गप्प व्हायची.

प्रकाशा गावी राहणाऱ्या तिच्या आईला, कौसाबाईला, पोरगी तिथं तिकिटं देते एवढंच माहीत होतं. नवऱ्याची मारझोड सोसवेना म्हणून स्वप्नाली माहेरी आली होती. आईला तिनं पाठीवरचे वळ दाखवले, हातापाया पडून सांगितलं. आई डोळे पुसायची आणि शेवटी म्हणायची, "संसार शे, चालस." आता रविवारी जावई न्यायला येणार होता आणि कौसाबाईनं त्याला शब्द दिला होता.

त्याच आठवड्यात भाचा धर्मेंद्र कौसाबाईला खेळ दाखवायला घेऊन आला. तो कुलपांशी झटत बसला. कौसाबाईला कुलपांचं काय? देऊळ दिसताच तिनं चपला दाराशी काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि देवीच्या पायांवर डोकं टेकलं. देवीचे डोळे तांबडे झाले.

"माय, मन्ही पोर सासरी जावाले नई म्हणस," ती पुटपुटली. "जवाई लेवाले ई ऱ्हायना. धाडू का नको धाडू?"

शेजारच्या खोलीत स्वप्नालीनं हेडफोनवर आईचं पुटपुटणं ऐकलं. हे पाप आहे, हे तिला कळत होतं. तरी तिनं माइकचं बटण दाबलं.

"पाठवू नकोस," देवी म्हणाली.

कौसाबाई बाहेर आली ती हसऱ्या चेहऱ्यानं. तोवर स्वप्नाली तिकिटाच्या टेबलाशी येऊन बसली होती. "देवीनी सांगं. आते मी तुले धाडाव नई."

"आन् मी इतलं सांगं, ते?" स्वप्नालीनं विचारलं.

"तू पोर शे. पोरीना सांगावर शब्द मोडतस का?"

आई हे मायेनंच म्हणाली, म्हणून ते जास्त लागलं. खरं काय ते सांगून टाकावं, असं स्वप्नालीच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं असतं तर रविवारी तिला नवऱ्याच्या गाडीवर बसावं लागलं असतं.

"चाल, देवीना पाया पड," आई म्हणाली.

स्वप्नाली आत गेली. आई दारातून बघत होती, म्हणून तिनं डोकं टेकलं. देवीचे डोळे तांबडे झाले. शेजारच्या खोलीत खुर्ची रिकामी होती, कोणी काही बोललं नाही. स्वप्नालीला रडू फुटलं आणि आईला वाटलं, पोरीला देवी पावली.