सोन्यावर संपणारा जिना

लिवाय मरालित जिना उतरायला लागली आणि पहिल्या दोन पावलांतच तिचा तोल गेला. कठडा हाती आला म्हणून बरं, नाहीतर आर्किटेक्टबाई स्वतःच्या पहिल्यावहिल्या इमारतीत तोंडावर आपटल्या असत्या आणि अख्ख्या लिपा शहराला चघळायला विषय मिळाला असता.

तिने वाकून पाहिलं. नकाशात तिने सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या काढल्या होत्या. इथे सगळ्यात वरच्या पायरीच्या दोन केल्या होत्या, बुटक्या बुटक्या. उतरणाऱ्याचा पाय आधी दोनदा जरासा खाली जायचा आणि मग अचानक पुरा.

"तुरिंगकाका! हे कुणी केलं?"

मुकादम तुरिंगने टोपी काढली. "निनांगनी सांगितलं. मी हुकमाचा ताबेदार."

निनांग म्हणजे धर्ममाता; निनांग पासिंगने लिवायला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं आणि या तीन मजली वसतिगृहाची मालकीणही तीच. लिवायची आई गेली तेव्हा पोर निनांगच्याच पदरात आली. कॉलेजात असताना ती नकाशांवर डोळे फोडत बसायची आणि निनांग कडक बाराको कॉफी करून द्यायची. मग एका बड्या आर्किटेक्टच्या हाताखाली उमेदवारी झाली. तिथे बराच काळ तिच्या वाट्याला नुसते संडासांचे नकाशे आले. परवान्याच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली तेव्हा निनांगने तिच्या फोटोचा फलक रस्त्यावर असा लावला की मागचं न्हाव्याचं दुकानच दिसेना. शपथ झाली, नावाचा शिक्का मिळाला, आणि पहिलं काम निनांगनेच दिलं.

उद्या नगरपालिकेचा माणूस येणार होता. इमारत नकाशाबरहुकूम आहे असं लिवायने सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं की परवानगी मिळणार, आणि सोमवारी नर्सिंगच्या मुली ट्रंका घेऊन हजर.

तेवढ्यात निनांग केळीच्या पानात वाफवलेलं चिकट भाताचं सुमान घेऊन वर आली. "खा आधी. चेहरा कसा उतरलाय बघ."

"निनांग, ही पायरी का कापलीस?"

"तुझा जिना कशावर संपत होता, सांग बघू."

लिवायने मनात मोजलं. ओरो, प्लाता, माता. सोनं, चांदी, मरण. जिना चढताना इथलं शेंबडं पोरही मोजतं, आणि शेवटची पायरी मरणावर आली तर त्या घरात कुणी राहायला येत नाही.

"मरणावर," ती पुटपुटली.

"पाच वर्षं कॉलेजात काय माशा मारल्यास? गवंड्याच्या लक्षात आलं, बाईसाहेबांच्या नाही!"

"चुकलं माझं, सपशेल चुकलं. पण मला सांगायचंस ना! एक पायरी वाढवून सगळ्या सारख्या केल्या असत्या."

"आणि जिना लांबला की खालची भाड्याची खोली खाणार. म्हणून तर तुला विचारलं नाही."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. लिवायला चूक झोंबली होतीच, हे त्याहून जास्त झोंबलं.

"मुली पडतील, निनांग."

"पडल्या तर गुडघे फुटतील. मरणावर संपला असता तर जीव गेला असता."

"आग लागली, दिवे गेले आणि सगळ्या एकदम धावल्या, तर इथेच जीव जाईल. मी शिक्का मारणार नाही."

निनांगने सुमान खाली आपटलं. "नको मारूस. तो विलारोमान आर्किटेक्ट वाडगाभर लोमी नूडल्सवर मारून देईल. आणि आजपासून मला निनांग म्हणू नकोस."

या बाईखेरीज लिवायला जगात कुणी नव्हतं. खाली मान घालून निघून जाणं सोपं होतं. परवाना शाबूत राहिला असता, हात स्वच्छ राहिले असते. पण मुली सोमवारी आल्याच असत्या.

तिने भिंतीला टेकवलेला घण उचलला. पहिला घाव नुसता उडाला. दुसऱ्याला कोपरा निखळला.

"अगं ए! वेड लागलं का तुला? तुरिंग, धर तिला!"

तुरिंग पुढे झाला नाही. लिवाय घाव घालत राहिली. आतल्या सळया दिसायला लागल्या तेव्हाच तिचे हात थांबले. आता विलारोमानच काय, त्याचा बापही या जिन्यावर शिक्का मारू शकला नसता.

निनांग सिमेंटच्या पोत्यावर मटकन बसली. "पोटच्या पोरीसारखी वाढवली गं तुला. हेच फळ?"

लिवायला रडू फुटलं. घण मात्र तिने खाली ठेवला नाही.

शेवटी तुरिंग चाचरत म्हणाला, "मालकीणबाई, आता करायचं काय?"

निनांगने नाक पुसलं आणि लिवायकडे न बघता उठली. कठडा घट्ट धरून, फुटक्या पायरीवर एकेक पाऊल चाचपत ती खाली उतरायला लागली. मधेच थांबली.

"मला काय विचारतोस? आर्किटेक्टला विचार. खोली तोडायची तर तोडा, मुलींना मी थांबवते. आणि म्हणावं तिला, यावेळी मोजून काढ."