चवीपुरतं, पण कुणाच्या?

मूठमामांचं उभं आयुष्य लोखंड ओतणाऱ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये गेलं. भट्टीपुढून घामाने निथळत येणाऱ्यांना ते जेवू घालत. मीठ किती घालता असं विचारलं, की म्हणत, "चवीपुरतं," आणि घालत चांगली मूठभर. नाव त्यावरूनच पडलं. माणसं मात्र बोटं चाटत जेवायची, त्यामुळे मामांची कॉलर कायम ताठ.

कारखान्याला टाळं लागलं आणि मामा एका वृद्धाश्रमात स्वयंपाकाला लागले. पहिल्याच दिवशी बटाट्याच्या रश्शाचं पातेलं जसंच्या तसं परत आलं. दुसऱ्या दिवशीही तीच गत. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "मामा, शनिवारपर्यंत बघते. नाहीतर दुसरा माणूस शोधावा लागेल."

मामांना वाटलं, या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार? तरी स्वतःच्या जिभेवरचा भरवसा सुटेना. चमचाभर रस्सा चाखून ते पुटपुटले, "फक्कड झालाय. यांच्याच जिभा म्हाताऱ्या झाल्यात."

खिडकीशी बसलेल्या, एकेकाळी टायपिस्ट असलेल्या आजींचं तोंड भारी फटकळ, आणि कान त्याहून तिखट.

"म्हाताऱ्या असतील, मेल्या नाहीत अजून. रांधता कुणासाठी हो?"

"तुमच्यासाठीच की."

"आणि चाखतं कोण?"

"मी."

"मग जेवाही तुम्हीच. आम्ही बसतो बघत."

मामा इरेला पेटले. पुढच्या दिवशी मीठ घालायच्या आधीच रस्सा वाटीत घेऊन आजींपुढे येऊन बसले. "घ्या. तुम्ही थांबा म्हणाल तिथे थांबतो."

एक चिमूट पडली. आजी चाखून म्हणाल्या, "हं." आणखी जराशी पडली. "बास."

मामांनी चाखून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "आजी, हे तर कोमट पाणी."

"तुम्ही भट्टीवाल्यांच्या पंगतीत जीभ भाजून आलात, त्याला आम्ही काय करणार?"

मामा मग उठले आणि पातेल्यात आजींच्या मापाने मीठ घातलं.

शनिवारी पातेलं खरवडून रिकामं झालं. बाई स्वयंपाकघरात डोकावल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सोमवारी काय करताय?" आश्रमात आता सगळे मामांना चिमूटमामा म्हणू लागले.

त्या आनंदात मामांनी घरी स्वतः रांधलं. बायकोने पहिला घास घेतला आणि थांबली.

"मीठ विसरलात?"

"चवीपुरतं घातलंय."

"जन्मभर मूठमूठ खायला घालून सवय लावलीत, आणि आता हे? कुणाच्या चवीपुरतं?"

मामांनी मिठाची बरणी गुपचूप तिच्याकडे सरकवली.