खोडाळ्याची वाट आणि हजेरीतलं एक नाव

अविनाश येतो म्हणाला तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. आम्ही डी.एड.ला एकत्र, पहिली नेमणूकही एकाच तालुक्यात, मोखाड्यात. वर्षभरातच तो बदली करून नाशिकला गेला आणि मी सरकत सरकत जव्हारजवळच्या एका शाळेत स्थिरावलो. त्याला आता अठरा वर्षं झाली. तेव्हापासून मी 'ये रे एकदा' म्हणतोय आणि तो दरवेळी काहीतरी निमित्त काढतोय. या दिवाळीत मात्र त्याचाच फोन आला. "शनिवार-रविवार येतो. फिरव मला. आणि एक काम आहे, जमनीला भेटायचंय."

जमनी त्याच्या वर्गात होती, तिसरीत. दिवाळी झाली की इथले पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. पोरंही आईबापांबरोबर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. नवख्या मास्तराला हे कोण सांगणार? अविनाशने महिना-दीड महिना वाट पाहिली आणि तपासणीआधी हजेरी नीटनेटकी दिसावी म्हणून गेलेल्या मुलांची नावं लाल शाईने कमी केली. उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला, तो गेला. जमनीच का लक्षात राहिली, तर जाताना ती आपली पाटी त्याच्याकडे ठेवून गेली होती. "आल्यावर द्या," म्हणाली होती. यंदा अविनाशची स्वतःची लेक तिसरीत गेली आणि त्याला ती पाटी आठवायला लागली.

शनिवारी तो त्र्यंबकमार्गे एसटीने आला. (नाशिकहून येणाऱ्यांनी डाव्या खिडकीचा हट्ट धरावा, आणि पोट नाजूक असेल तर मोखाड्यापर्यंत काही खाऊ नये. वळणं आहेत.) दुपारी शिरपामाळावर गेलो. जव्हार गावापासून चालत जाता येतं. महाराज सुरतेला जाताना इथे थांबले होते, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो तसं त्यालाही सांगितलं. खाली भाताची खाचरं कापून झालेली, खळ्यांवर भाऱ्यांची उडवी रचलेली, मधेच नागलीचे पट्टे. वारा मस्त होता. मोबाईलला रेंज फक्त इथेच नीट येते, त्यामुळे निम्मी माणसं दरीकडे पाठ करून 'हॅलो, हॅलो' करत होती. अविनाशने दरीही पाहिली नाही आणि फोनही केला नाही.

"तिने ओळखलं नाही तर?" त्याने विचारलं.

"मग बरंच आहे की. जेवून येऊ," मी म्हणालो.

चेष्टा जमली नाही.

रविवारी भाऊबीज. सकाळी स्टँडवरून जीप धरली. नऊ जणांची गाडी, माणसं सतरा, त्यात एक कोंबडा. मोखाड्याला उतरून चहा-भजी खाल्ली आणि खोडाळ्याची दुसरी जीप मिळायला तास गेला. दोन्ही जीपचे मिळून माणशी पस्तीस रुपये. घाई असणाऱ्याने हा प्रवास करू नये. खोडाळ्याच्या बाजारात अविनाशने पेढे घेतले, मग फरसाण घेतलं, मग परत जाऊन आणखी पेढे घेतले.

पाड्याचं नाव इथे लिहीत नाही. रस्त्यावरून अर्धा तास चाल आहे, वाट शेतांच्या बांधावरून जाते. जमनीच्या बापाने अंगणातूनच आम्हाला पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "नाशिकवालं गुरुजी ना? बसा." बाज टाकली गेली. भाऊबिजेला जमनी माहेरी येणार हे मी आधीच निरोप धाडून विचारून ठेवलं होतं, पण ते अविनाशला सांगितलं नव्हतं. ती आतून तांब्या घेऊन आली, मागे पदर धरून सहा वर्षांची मुलगी.

आधी खाणं झालं. काकडीचा कीस आणि नव्या तांदळाचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेलं, वर गुळाचा खडा. वाघबारशीपासून, म्हणजे आपल्या वसुबारसेपासून, इथे घरोघरी हे असतं. मी तीन खाल्ले, अविनाशचा पहिलाच संपेना.

शेवटी त्याने पेढ्यांचा पुडा बाजेवर ठेवला आणि एकदम म्हणाला, "जमनी, मी तुझं नाव कमी केलं होतं."

ती जराशी हसली. "माहीत हाय ना गुरुजी. जूनात आलती मी शालंत. पाटी कपाटात व्हती, नव्या गुरुजीनी दिली. मी पाटी घेऊन बसली. हजेरी झाली. समद्यांची नावं झाली, माजा नाय झाला. दुसऱ्या दिशी बी नाय. चार दिस बसली."

"मग त्यांना सांगायचं ना."

"मला वाटला उद्या घेतील." तिने लेकीच्या केसांतलं गवत काढलं. "मंग म्हशी राखाया गेली."

यात तक्रार नव्हती. काल कुठे होतीस विचारल्यावर सांगावं तसं तिने सांगितलं. अविनाशने मान खाली घातली ती वर केली नाही. तो रडत होता आणि मला त्याची लाज वाटली नाही, माझीच वाटली. कारण माझ्या शाळेच्या कपाटात एक कागद होता. गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेलेली आणि यंदाही जाणार असलेली अकरा मुलं, पेन्सिलने लिहिलेली. सुट्टीनंतर नावं कमी करायचं ठरवलं होतं. तपासणी जवळ आली होती.

निघताना जमनीने मलाच विचारलं. मी अजून याच मुलखात मास्तर आहे, हे तिला बापाने सांगितलं असावं. "हिचा नाव पयलीत घातलाय. आमी परवा भट्टीवर चाललो. तं हिचा नाव काढतील?"

ती मुलगी माझ्या शाळेतली नव्हती. तसं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "तिच्या गुरुजींना मी भेटतो." मंगळवारी पुन्हा जीप धरून त्यांच्या घरी जाऊन भेटलोही. ते म्हणाले, बघू.

सोमवारी अविनाशला एसटीत बसवून दिलं. दाभोसा धबधबा राहिला, जव्हारचा राजवाडा राहिला. "पुढच्या वेळी," तो म्हणाला, आणि या वेळी मला ते खरं वाटलं. येणाऱ्यांनी हे दोन्ही जरूर पाहावं. दिवाळीपर्यंत धबधब्याला पाणी असतं, उतरायला पायऱ्या आहेत, चांगल्या चपला घालाव्यात.

सुट्टी संपून शाळा भरली. कागदावरची अकराही मुलं गेली होती. कागद मी चुलीत घातला. तपासणीत बोलणी बसायची ती बसतील. मग हजेरी घ्यायला बसलो आणि पहिलंच गैरहजर नाव आलं. रिकाम्या जागेकडे बघून मी ते मोठ्याने घेतलं. वर्ग गोंधळला. मी पुन्हा घेतलं. तेव्हा मागून एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "भट्टीवर, गुरुजी."

आता रोज घेतो. अकरा नावं, आणि अकराही वेळा सगळा वर्ग मिळून उत्तर देतो.