ढ ढोलाचा

शेजाऱ्यांची नात काल आइस्क्रीमच्या काड्या आणि डिंकाची बाटली घेऊन माझ्या दारात बसली होती. शिक्षकदिन जवळ आलाय, तिला तिच्या मिससाठी पेन ठेवायचा डबा करायचाय. "आजी, यावर मिसच्या नावाचं पहिलं अक्षर काढू का?" तिनं विचारलं. "अक्षर नको," मी म्हणाले, आणि इतकं तोडून म्हणाले की पोरगी बावरली. फूल काढ, पान काढ, तुझ्या मनाला येईल ते काढ, पण अक्षर नको. का, ते तिला सांगितलं नाही. सत्तर वर्षांत मी ते कुणालाच सांगितलेलं नाही.

हैदराबाद संस्थानातल्या पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी चौथीत होते. त्याआधी मी उर्दूतच शिकले. शहरातली बहुतेक पोरं तशीच शिकायची, घरी मराठी आणि शाळेत अलिफ बे. मग बघता बघता सगळं बदललं. शुक्रवारची सुट्टी रविवारवर गेली, पुस्तकं मराठी झाली, पुण्याकडून नवे मास्तर आले. त्यांनी एक नवा शब्दही आणला. तोवर आमच्या शाळेत ज्याला काही येत नाही त्याला गधा म्हणायचे. आता त्याला 'ढ' म्हणायला लागले. पोरांना तो शब्द इतका आवडला की विचारू नका. मीसुद्धा उठता-बसता कुणाला तरी ढ म्हणायची.

हिसाबाचे मास्टरसाब मात्र जुनेच राहिले होते. उंच, किडकिडीत, शेरवानीची कोपरं विरलेली. मोठमोठे हिसाब तोंडी करायचे, आम्ही बोटं मोजेपर्यंत यांचं उत्तर तयार. आमच्या वडिलांचा हात लई जलद चालायचा, एक पाढा चुकला की पाठीत धपाटा. मास्टरसाबांनी मला कधी गधी म्हटलं नाही. चुकलं की म्हणायचे, "फिरसे देख, बेटी, घाई काय हाय?" माझा त्यांच्यावर फार जीव होता. स्पष्टच सांगते, वडिलांपेक्षा जास्त.

नवीन पुस्तक आल्यापासून ते उदाहरण स्वतः कधी वाचत नसत. "बेटी, तू वाच," असं मला म्हणायचे. मला वाटायचं, माझं वाचन चांगलं म्हणून. एकदा मला सर्दी झाली होती, वाचता वाचता मधली एक ओळच गाळली. बागेतली नऊ झाडं वाळली होती, ती मी वाळवलीच नाहीत. मास्टरसाबांनी पुस्तक समोर उघडं असताना सगळी झाडं हिरवीगार धरून उत्तर काढलं. वर्गात कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. मी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांनी माझ्याकडं, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. मराठी बोलता येतं, पण हे हरफ, ही अक्षरं, वाचता येत नाहीत, असं त्यांनी मला, दहा वर्षांच्या पोरीला, सरळ सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचं मराठीचं इम्तिहान होतं. लिहिता-वाचता आलं तर नोकरी राहील, नाहीतर घरी बसावं लागेल. "किसी कू बोलना नक्को," ते म्हणाले. नवे मास्तर हसतील, पोरं हसतील. मी गळ्याची शपथ घेतली की मेले तरी बोलणार नाही.

मग मी माझ्या डोक्यानं एक गोष्ट केली. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा आईच्या कात्रीनं कापला, पत्त्यांएवढे तुकडे केले. प्रत्येक तुकड्यावर बोरूनं एक अक्षर आणि त्याचं चित्र. पाठीमागं तेच अक्षर उर्दूत. पुस्तकातली चित्रं मी घेतली नाहीत. कमळ आणि गडू त्यांच्या कामाचे नाहीत, हे मला कळत होतं. जो शब्द त्यांच्या बोलीत आणि माझ्या बोलीत एकच आहे, तोच मी शोधायची. क कबूतराचा, ख खजुराचा, ग गाजराचा. ठ साठी दोन दिवस डोकं खाजवलं, शेवटी ठप्पा सापडला. बोटं सदा शाईनं काळी, आईची बोलणी खाल्ली, पण कशासाठी ते सांगितलं नाही.

रोज एक पुठ्ठा, सगळ्यांच्या आधी जाऊन, हजेरीच्या वहीखाली. पहिल्या दिवशी त्यांनी तो वहीखालून ओढून बघितला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवला. दुपारी फळ्याच्या कोपऱ्यात, अगदी बारीक, एक क निघाला. लगेच त्यांनी तो पुसला. कुणासाठी काढला होता ते मलाच ठाऊक. रोज असं चाललं. झ चं शेपूट त्यांना काही केल्या जमेना, मी जागेवरूनच मान हलवायची, ते पुन्हा काढायचे. इतकी सुखी मी पुढं लग्नाच्या दिवशीही नव्हते.

अकरा पुठ्ठे झाले. बाराव्यावर मी ढोल काढला. दोरखंड, कड्या, टिपरू, सगळं. फार सुरेख ढोल निघाला होता हो. ढोल काढण्यात मी इतकी गुंगले की अक्षराकडं माझं लक्षच गेलं नाही. त्याच सकाळी शाळेच्या वाटेवर मी एकीला ढ म्हणून चिडवलं होतं, आणि तोच ढ माझ्या दप्तरात होता, तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

त्या दिवशी मास्टरसाबांना यायला उशीर झाला. मॉनिटरनं हजेरीची वही उचलली आणि पुठ्ठा खाली पडला. त्यानं तो उचलून वर धरला. "मास्टरसाबला कुणीतरी ढ लिहून ठिवलंय." वर्ग असा खदखदला की भिंती हलाव्यात. तेवढ्यात मास्टरसाब दारात आले.

त्यांनी पुठ्ठा हातात घेतला. चित्र बघून ते आधी हसले, मला अजून ते हसू दिसतं. मग पोरं थांबेनात तेव्हा त्यांनी विचारलं, "ढ म्हणजे काय?" पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. शेवटी पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ज्याला कायबी येत नाय, त्यो ढ." मागून कुणीतरी माझ्याकडं बोट केलं, चित्र तर हिचंच हाय.

"तू केलंस?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय."

"ढ म्हणजे काय, तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

दोन्ही खरंच होतं. पुढचं बोलायचं तर, तुम्हाला वाचता येत नाही म्हणून शिकवत होते, असं भर वर्गात म्हणायला लागलं असतं. मी गळ्याची शपथ घेतलेली. त्यांना वाटलं असणार, पोरीनं सगळ्यांना सांगितलं, आणि एवढे दिवस सगळे मिळून आपली गंमत बघत होते. ते रागावले नाहीत. "बैठ," एवढंच म्हणाले आणि हजेरी घ्यायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

शाळा सुटल्यावर एकटीनं गाठून सांगता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. आलं असतं. पण मी पहिल्यापासून रागीट. मलाच राग आला होता. ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यांना माझ्याबद्दल असं वाटावंच कसं, म्हणून मी फुगून बसले. दुसऱ्या दिवशी बोलले नाही, पण त चा पुठ्ठा वहीखाली ठेवला. त्यांनी तो न बघताच माझ्या बाकावर आणून ठेवला. मग मीही ठरवलं की जाऊ दे. दिवाळी आली, सुट्टी लागली, आणि सुट्टीनंतर हिसाबाला नवे मास्तर आले.

तेव्हा माझा राग उतरला. एका रविवारी सकाळी, आईला मैत्रिणीकडं जाते म्हणून सांगून, मी मास्टरसाबांच्या मोहल्ल्यात, रोशन गेटपर्यंत चालत गेले. वाटेत काय बोलायचं ते पाठ केलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, तो ढ ढोलाचा होता, आणि पुढची सगळी अक्षरं माझ्याकडं तयार आहेत. विचारत विचारत घर सापडलं. त्यांच्या बेगमनं गोणपाटाचा पडदा बाजूला करून मला आत घेतलं, चालून आलीस म्हणून पाणी दिलं.

मास्टरसाब हैदराबादेला गेले होते, भावाच्या ओळखीनं कुठं काम मिळतंय का बघायला. इम्तिहानाला ते बसलेच नव्हते.

"मैं बोली, जाके बैठो तो सही," त्या सांगत होत्या. "आधे हरफ आ गए थे उनकू. तो बोले, नक्को. एक बच्ची ने मेरे कू लिखके दिया, मैं क्या हूं करके. बहोत लाडली थी उनकी. बच्चे झूट नहीं लिखते, बोले."

त्यांनी माझा पेला पुन्हा भरला.

"तू बी उसीच मदरसे की है ना, बेटी? उस बच्ची कू पहचानती क्या?"

मी पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि नाय म्हणाले.