लांबलेली प्रार्थना आणि एकवीस अनारसे

माझ्या नावावर आयुष्यात एकच मोठी प्रार्थना आहे, आणि ती मी टक्क उघड्या डोळ्यांनी केली.

लग्नानंतरचा माझा तो पहिलाच नाताळ. माहेर तीर्थपुरीचं, सासर टेंभुर्णीजवळच्या एका खेड्यात. आमचे हे तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर. गावात ख्रिस्ती घरं चारच. नाताळच्या दिवशी जालन्याहून पाळकसाहेब बैलगाडीने यायचे, चारही घरी थोडी थोडी भक्ती करायचे आणि फराळ घ्यायचे. आमचं घर शेवटचं. म्हणजे चौथ्या घरी पोचेपर्यंत साहेबांच्या पोटात तीन घरच्या करंज्या आणि पाठीमागे तीन घरची माणसं!

सासूबाईंनी त्या वर्षी अनारसे करायचं ठरवलं होतं. आदल्या नाताळात त्यांचे अनारसे तुपात हसले होते (म्हणजे फुटून कढईभर पसरले होते), आणि त्यावर अख्खा गाव वर्षभर हसला होता. यंदा मात्र तांदूळ भिजवण्यापासून सगळं त्यांनी स्वतः केलं. मला कढईजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही. एकवीस अनारसे झाले, एकही फुटला नाही. पितळेच्या परातीत मांडून त्यांनी वर पांढरं फडकं घातलं आणि परात ओसरीच्या दाराशी पाटावर ठेवली.

"हे बघ," मला म्हणाल्या, "तुला दोनच कामं. शेळी मागं बराबर बांधायची आन् परातीवर नजर ठेवायची. अनारशाला काही झालं, तर ईस्टरपोतर तीर्थपुरीला धाडून देते. समजलं का?"

"हो, आत्याबाई."

"आन् प्रार्थना तुला करायचीय. साहेबांनी निरोप धाडलाय, नवीन सुनेच्या तोंडून ऐकायची म्हणून."

चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या घशात बोळाच बसतो. लग्नात पाळकांनी विचारलं तेव्हा माझं 'होय' शेजारच्या करवलीलाच ऐकू गेलं होतं. तिने ते मोठ्याने पुढे सांगितलं म्हणून लग्न लागलं!

ह्यांनी मला चार वाक्यं लिहून दिली. ती पाठ करायला मी मागच्या अंगणात गेले. ऐकायला कुणीतरी हवं म्हणून शेळीसमोर उभी राहिले. शेळी फार मन लावून ऐकत होती, मधूनमधून मान हलवत होती. दुसऱ्या वाक्याला तिच्या पायात दोरी अडकली, म्हणून मी ती सोडली. एवढ्यात आतून हाक आली, "अगं, साहेब आले!" मी तशीच पळाले. शेळी मोकळीच राहिली.

ओसरीत सतरंजीवर सगळे गुडघे टेकून बसले. मी समोर उभी. त्यांची तोंडं माझ्याकडे, पाठी दाराकडे. साहेबांनी डोळे मिटले, सगळ्यांनी मिटले. मी सुरुवात केली, "हे आमच्या स्वर्गीय बापा..."

चार वाक्यं कशीबशी संपली. आता 'आमेन' म्हणायचं आणि सुटायचं, म्हणून मी हळूच डोळे उघडले. (पाप आहे, मला ठाऊक आहे.) दारात आमची शेळी उभी होती. फडकं जमिनीवर पडलेलं. तोंडात अर्धा अनारसा.

आमेन माझ्या जिभेवरून परत पोटात गेलं.

आमेन म्हटलं की सगळे डोळे उघडणार. डोळे उघडले की सासूबाई मागे वळणार. त्या वळल्या की मी तीर्थपुरीला! जोवर मी बोलतेय तोवर मात्र जगात कुणालाच काही कळणार नव्हतं. प्रार्थना मोडून उठायची आमच्याकडे रीत नाही. मग मी पाचवं वाक्य म्हटलं. ते कुठून आलं मला माहीत नाही.

मी हैदराबादच्या सरकारसाठी प्रार्थना केली. जाफराबादच्या तहसीलदारासाठी केली. गावच्या कापसासाठी, बैलांच्या खुरांसाठी, जालन्याला गाडी आणणाऱ्या इंजिनवाल्यासाठी केली. शेळी चौथ्या अनारशावर होती.

दारातून समोर गयाबाईचं अंगण दिसायचं. गयाबाई म्हणजे आमच्या शेजारच्या पाटलाच्या घरची सून, वयाने मोठी, जिभेने त्याहून मोठी. कापूस वेचणाऱ्या बायांसाठी ती चुलीवर धपाटे भाजत होती. आमची भक्ती ती कुंपणापलीकडून नेहमी बघायची, आणि अर्थातच उघड्या डोळ्यांनी. शेळी अठराव्या अनारशावर आली तेव्हा कुठे तिने तिला पाहिलं. मग मला पाहिलं. माझं तोंड 'हे दयाळू पित्या' म्हणत होतं आणि डोळे 'वाचव गं बाई' म्हणत होते.

गयाबाई धावली. तिने शेळीचा कान धरून तिला बाहेर ओढलं, परातीत डोकावली आणि कपाळावर हात मारला. परात लखलखीत! ती माझ्याकडे बघून हवेत हात गरागरा फिरवू लागली. म्हणजे, चालू ठेव, थांबू नको!

मी आदामापासून सुरुवात केली. नोहापर्यंत आले. तारवातले प्राणी एकेक करून सांगितले, आणि प्रत्येकासाठी देवाचे आभार मानले. हत्ती झाला, उंट झाला, घोरपड झाली, मुंगूस झालं. शेळी तेवढी गाळली. साहेबांचे गुडघे कडकड वाजले. कोपऱ्यातले एक आजोबा घोरू लागले. ह्यांनी एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं. चार वाक्यं लिहून दिलेल्या माणसाला नोहा पाहून काय वाटलं असेल!

तेवढ्यात गयाबाई टोपली घेऊन आली. आमच्या घरचं पाणी ती पीत नसे, आणि आमचा उंबरा तिने आजवर ओलांडला नव्हता. क्षणभर ती उंबऱ्यावर थबकली. मग पदर खोचला, आत आली, परातीत धपाट्यांची चळत रचली, शेंगदाण्याची चटणी ठेवली, वरून फडकं झाकलं आणि पसार झाली.

"...आमेन!" मी म्हटलं आणि मटकन खाली बसले.

साहेबांनी डोळे पुसले. "मास्तर," म्हणाले, "इतकी मोठी प्रार्थना मी जालन्यातही ऐकली नाही!"

सासूबाई ताठ मानेने परातीजवळ गेल्या. "साहेब, आता तोंड गोड करा. अनारसे आहेत. एकसुद्धा हसला न्हाई," असं म्हणत त्यांनी फडकं उचललं.

सासूबाईंचं तोंड उघडं ते उघडंच.

साहेब पुढे झाले, वास घेतला आणि अगदी हरखून म्हणाले, "धपाटे? गरम? बाई, तुम्हाला कसं कळलं हो? सकाळपासून गोड खाऊन खाऊन जीव नको झालाय!" आणि त्यांनी एकामागून एक पाच खाल्ले. बाकीच्यांनी तर परातीभोवती गर्दीच केली.

पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी मला मागच्या अंगणात नेलं. शेळी पोट फुगवून आडवी पडली होती. मिशांना खसखस.

"किती खाल्ले?"

"सगळे, आत्याबाई." माझ्या डोळ्यांपुढे तीर्थपुरीची वाट दिसू लागली.

"एखादा थुंकून टाकला का?"

"न्हाई."

"अर्धा सोडला का?"

"न्हाई, आत्याबाई. परात चाटली."

सासूबाईंनी वाकून शेळीचं तोंड निरखलं. "कडक झाले असते, तर तिनं चाटली नसती परात," त्या म्हणाल्या. "म्हंजे खुसखुशीत झाल्ते." आणि पदराने शेळीच्या मिशा पुसून आत गेल्या. तीर्थपुरीचं नाव पुन्हा निघालं नाही. दुसऱ्या दिवशी गयाबाईकडे ज्वारीच्या कणसांची टोपली गेली. ती त्यांनी स्वतः नेली.

माझी मात्र सुटका झाली नाही. ईस्टरला जालन्यात मोठी सभा भरली, गावोगावच्या बाया आल्या, आणि साहेबांनी सांगितलं, "आता आपल्या बहिणीची प्रार्थना ऐकू. नीट बसून घ्या, वेळ लागेल." बायांनी मांड्या घातल्या, लेकरं मांडीवर निजवली आणि डोळे मिटले. मी उभी राहिले. घशात बोळा. "हे बापा, सगळ्यांचं भलं कर. आमेन," एवढंच म्हटलं, तेही असं की माझं मलाच ऐकू आलं, आणि खाली बसले.

कुणीच डोळे उघडले नाहीत! सगळी सभा वाट बघत राहिली. 'झालं' म्हणायचं धाडस मला होईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. लेकरं घोरू लागली. शेवटी साहेबांनीच भारावलेल्या आवाजात म्हटलं, "बंधुभगिनींनो, काय ही मौन प्रार्थना!"

तेव्हापासून मौन प्रार्थना असली की मलाच पुढे बोलावतात. आणि खोटं कशाला सांगू, ती मला फार चांगली जमते.