दाते साहेबांचा लॅपटॉप

छोट्या ऑफिसात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन माणसं आणि एक म्हातारं मशीन एवढं पुरतं. सांगलीत दाते साहेबांकडे मी ड्राफ्ट्समन होतो, लीलाताई टायपिंग आणि फोन सांभाळायच्या, आणि मशीन म्हणजे साहेबांचा लॅपटॉप. पुण्याच्या एका आर्किटेक्ट मित्रानं स्वतःसाठी नवा घेतला, तेव्हा त्याचा जुना साहेबांनी आणला. शहाण्णवच्या आसपासची गोष्ट. त्या काळी सांगलीत लॅपटॉप बघायलासुद्धा लोक यायचे.

साहेबांचा धंदा घरांचे नकाशे करायचा आणि सल्ला ठरलेला. कुणाचंही जुनं घर बघायला गेले की भिंतीवर बोटानं टकटक करायचे, कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "पाडा. डागडुजीच्या नादी लागू नका."

लॅपटॉपला मात्र हा नियम नव्हता.

* * *

दोन वर्षांत तो इतका मंद झाला की सकाळी बटण दाबून मी कोपऱ्यावर चहा पिऊन यायचो, तरी पडदा काळाच. एकदा एका बिल्डरचा फोन आला, साहेब आलेत का म्हणून. लीलाताईंनी शांतपणे सांगितलं, "साहेब आलेत. लॅपटॉप अजून उठायचाय."

* * *

मिरजेचा मुजावर कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं झाकण उघडून आत बघितलं आणि नवा घ्या म्हणाला. साहेबांनी त्याला पाऊण तास समजावलं की बॉडी भक्कम आहे, फक्त मेमरी वाढवली की झालं. गिऱ्हाइकापुढं कोण बोलणार? मुजावरनं मेमरी वाढवली.

आठवड्यानं तो सहज डोकावला आणि काही फरक पडला का म्हणून विचारलं.

"पडला की," मी म्हणालो. "आधी अडकायला वेळ लागायचा, आता लगेच अडकतो."

* * *

मग बिजागरी गेली. पडदा मागं कलंडायचा. साहेबांनी टेबलावरची नमुन्याची वीट त्याच्या पाठीला लावली आणि काम सुरू ठेवलं.

त्याच दुपारी पलूसचे एक रिटायर्ड हेडमास्तर आले. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकू देऊन चालेल का, या प्रश्नावर साहेबांनी आदल्याच महिन्यात "पाडा" म्हणून सांगितलं होतं. गुरुजी बराच वेळ विटेकडं बघत बसले. मग छत्री उचलून म्हणाले, "आमची भिंत अजून चार वर्षं काढंल असं वाटतंय."



* * *

त्यानंतर साहेब खरोखरच नवा घ्यायला पुण्याला गेले. दुकानदारानं सांगितलं, दिवाळीनंतर नवीन मॉडेल येतंय, आत्ता घेऊ नका. दिवाळीनंतर गेले तर तो म्हणाला, पाडव्याला याहून भारी येतंय. प्रत्येक वेळी साहेब रिकाम्या हातानं आणि खुशीत परत यायचे. "भला माणूस आहे," म्हणायचे, "आपला तोटा होऊ देत नाही."

* * *

शेवटी साहेबांनी नवा घेतला, त्याला कारण झाला कवठे महांकाळचा फौजेतला एक हवालदार. तो रजेवर आला होता आणि रजेतच आईसाठी घर सुरू करायचं म्हणत होता. साहेबांनी मन लावून नकाशा केला. समोर कमानीचा व्हरांडा, वर गच्ची, बाजूनं जिना. आणि तो नकाशा पोटात घेऊन लॅपटॉपनं मान टाकली.

हवालदार एसटीनं यायचा, ताठ बसायचा, आणि आम्ही "परवा" म्हटलं की उठून जायचा. शेवटच्या खेपेला मात्र उभ्याउभ्याच म्हणाला, "साहेब, रजा वाढवून मागतो. पण कारण काय सांगू? लॅपटॉप उठत न्हाई म्हणून?"

रजा संपली. हवालदार पलटणीत परत गेला.

मुजावरनं कशीबशी ती फाइल बाहेर काढली, तोवर पावसाळा तोंडावर आला होता. साहेबांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून छापील नकाशे घेऊन मला धाडलं. मी पोचलो तर घर उभं! स्लॅबसुद्धा ओतलेला. गवंड्यानं जमिनीवर चुन्याची फक्की टाकून आपल्या मनानं बांधलं होतं. ना कमान, ना व्हरांडा, आणि जिना घराच्या मधोमध.

हवालदाराची आई पायरीवर बसली होती. मी समोरून घर कसं दिसेल त्याचं चित्र तिच्या हातात दिलं. तिनं ते लांब धरून, जवळ घेऊन, पुन्हा लांब धरून बघितलं. तिचा चेहरा उजळला.

"लय झ्याक हाय रं बाळा," ती म्हणाली. "कुणाचं घर म्हनायचं ह्ये?"